पाणी कोण सोडतो? कुंडलिकेवरच्या कयाक-सहलीची आखणी

कुंडलिका नदीवर कयाकिंगला, म्हणजे लहान होडी स्वतः वल्हवायला, जायचे ठरले की ठाण्याहून किती वाजता निघायचे, हा प्रश्न सगळ्यांत आधी निघतो. खरे तर तो सगळ्यांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आमच्या घरची मंडळी आणि इमारतीतले एक जोडपे मिळून आठजणांनी येत्या जानेवारीत कुंडलिकेकाठच्या कोलाडला जाण्याचे नक्की केले, तेव्हा गाडी कुणाची, मुक्काम कुठे, जेवणात मासे मिळतील का, अशीच चर्चा रंगली होती. शेजारचे काका मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले असून त्यांचे लहानपण ठाण्याच्या खाडीत होडीवरच गेले आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तिकडे पाणी कोण सोडतो, ते विचारलंत का?" तेव्हापासून आम्ही सहलीची आखणी पाण्यापासून सुरू करून घराच्या दारापर्यंत आणत गेलो, आणि नदीवरच्या कोणत्याही सहलीसाठी हाच क्रम बरोबर आहे, असे माझे मत झाले आहे.

खाडीकाठच्या माणसाला पाण्याची वेळ पंचांगातून कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा, म्हणून त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, आणि मग रोज ती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधोमध, हा हिशेब चालतो. कोलाडच्या वर मात्र तो चालत नाही, कारण तिथले पाणी चंद्राच्या नव्हे, तर विजेच्या वेळापत्रकाने येते आणि जाते.

हे कसे होते, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सहलीची सगळी गणिते त्यावर बसलेली आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळा नदीवर टाटांनी धरण बांधले. या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी यांनी केलेला मुळशी सत्याग्रह इतिहासात नोंदलेला आहे. मुळेचे पाणी स्वभावाने पूर्वेकडे जाणारे. पुण्यात मुठेला मिळून पुढे भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाणे हा त्याचा मार्ग. धरणात अडवलेले हे पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटमाथ्यावरून पश्चिमेला, सुमारे पाचशे मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते. खोपोली, भिवपुरी आणि भिरा या टाटांच्या तीन जुन्या जलविद्युत केंद्रांपैकी भिरा हे सर्वांत शेवटचे, १९२७ साली सुरू झालेले. तिथून बाहेर पडलेले पाणी खाली एका लहान जलाशयात साठवून राज्याच्या वीजकंपनीच्या दुसऱ्या वीजगृहातून पुन्हा एकदा काढतात आणि मग ते कुंडलिकेच्या पात्रात येते. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायचे पाणी दोनदा वीज देऊन अरबी समुद्राकडे निघते, आणि वाटेत आमच्यासारख्या हौशी लोकांना कयाक चालवायला मिळते.

यामुळेच दिवाळीनंतर कोकणातल्या बहुतेक नद्या खडकांवर येतात, तेव्हाही कुंडलिका वाहती राहते. हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. भिवपुरीच्या वीजगृहातून निघालेले पाणी उल्हास नदीला मिळते आणि त्याच उल्हास नदीतून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नळांना पाणी येते. खोपोलीचे पाणी असेच पाताळगंगेला जाते. उल्हास नदी घराजवळ असताना कोलाडपर्यंत कशाला जायचे, असे आमच्या पुतण्याने विचारले होते, आणि प्रश्न रास्त होता. तिथे पावसाळ्यात पूर असतो. बाकीच्या काळात शहरांची गर्दी आणि सांडपाणी नदीच्या काठापर्यंत येऊन ठेपलेले असते. शिवाय तिथे नवख्यांना हाताशी धरून नेणारा खात्रीचा मार्गदर्शक मला कुणी सुचवला नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, पण तो वन विभागाच्या अखत्यारीतला विषय आहे आणि ओहोटीला तिथल्या चिखलात होडी रुतली तर काय होते, हे काकांनी इतके रंगवून सांगितले की तो पर्याय त्याच संध्याकाळी निकालात निघाला.

वीज ही साठवून ठेवण्याची वस्तू नसल्याने मागणी वाढेल तशी ती निर्माण करावी लागते, आणि पाण्याच्या टर्बाइन काही मिनिटांत सुरू किंवा बंद करता येत असल्याने जलविद्युत केंद्रांचा उपयोग मुख्यतः अशा वाढीव मागणीच्या वेळी करतात. कुंडलिकेवर सकाळी पाणी सुटते आणि राफ्टिंगवाले त्याच पाण्यावर तराफे सोडतात, हा तिथला रोजचा क्रम आहे. पण हा क्रम पर्यटकांसाठी ठरवलेला नाही. वीजगृहात दुरुस्ती निघाली किंवा मागणी कमी असली, तर पाणी उशिरा येईल, कमी येईल किंवा येणारही नाही. म्हणून मार्गदर्शकाला विचारायचा पहिला प्रश्न असा, की आमच्या तारखेला पाणी सुटणार का, हे तुम्हाला कधी कळते आणि कुणाकडून कळते. आम्ही फोन केलेल्यांपैकी एका आयोजकाने या प्रश्नाला "पाणी असतंच हो मॅडम, काही टेन्शन घेऊ नका" असे उत्तर दिले, आणि मी त्याचा नंबर तिथेच खोडला. दुसऱ्याने मात्र आदल्या संध्याकाळी वरच्या केंद्रावर चौकशी करतो आणि मगच गटाला हो म्हणतो, असे सांगितले. शिवाय, वर पाणी किती वाजता सोडले यापेक्षा ते आपल्या काठाला किती वाजता पोहोचते, याचा हिशेब मी ठेवतो, असेही तो म्हणाला. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. सोडलेल्या पाण्याला नदीच्या वळणांतून खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे एकाच सकाळी वरच्या गावाला भरलेली नदी दिसते आणि खालच्या गावाला अजून उघडे दगड.

ते उघडे दगड मी पाहून आले आहे. अलिबागच्या एका लग्नाहून परतताना वाट वाकडी करून आम्ही कोलाडला उतरलो आणि त्या मार्गदर्शकाला नदीवर भेटलो. दुपारची वेळ होती. पात्राच्या मधल्या खडकांवर कमरेएवढ्या उंचीला एक सरळ रेघ दिसत होती. तिच्या वर दगड काळसर आणि कोरडा, तर खाली वाळत चाललेल्या शेवाळाचा पोपटी पट्टा, जणू कुणी सुतळी धरून आखला असावा. काठावर दोन बायका त्याच खडकावर कपडे आपटत होत्या. मार्गदर्शकाने त्या रेघेकडे बोट दाखवून सांगितले की सकाळी पाणी इथपर्यंत असते, आणि या बायका ते चढायच्या आत धुणे उरकतात किंवा ते उतरल्यावर येतात. नदीकाठी राहणाऱ्यांनी आपला दिवस या पाण्याला जुळवून घेतलेला आहे. धोका होतो तो बाहेरून येणाऱ्यांना, कारण संथ, गुडघाभर पाणी पाहून ते मधल्या खडकावर डबे घेऊन बसतात, आणि पाणी वाढू लागले हे त्यांना काठाकडे परतायची वाट तुटल्यावरच कळते. आमच्या गटात त्या दिवसासाठी ठरलेला पहिला नियम हाच आहे की मार्गदर्शक सोबत नसताना कुणीही पात्रात उतरायचे नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

यानंतर नदीचा कोणता भाग निवडायचा, हा प्रश्न येतो, आणि इथे कयाक आणि तराफा यांतला फरक नीट समजून घ्यावा लागतो. नद्यांच्या वाहत्या पाण्याच्या अवघडपणाची जगभर पहिली ते सहावी अशी श्रेणी लावतात. पहिल्या श्रेणीत लहान लाटा आणि मोकळी वाट असते, तर सहावी ही जवळजवळ न ओलांडण्याजोगी समजतात. कुंडलिकेवरचा राफ्टिंगचा पट्टा दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीचा आहे. रबरी तराफ्यात मार्गदर्शक स्वतः मागे बसून दिशा धरतो आणि बाकीच्यांनी त्याच्या हुकमाबरोबर वल्ही मारली की भागते. कयाकमध्ये तसे नाही. तिथे मार्गदर्शक दुसऱ्या कयाकमध्ये असतो आणि तुमची कयाक तुमच्याच हातात असते. खळाळत्या पाण्यासाठी वापरतात ती आत पाय घालून बसायची, कमरेभोवती पाणीरोधक पडदा लावलेली कयाक उलटली, तर तिच्यातून सुटणे किंवा वल्ह्याच्या एका झटक्याने ती परत सुलटी करणे, हे संथ पाण्यात अनेक दिवस शिकल्याशिवाय जमत नाही. त्यामुळे एका दिवसासाठी जाणाऱ्या नवख्यांना "रॅपिडमध्ये (खळाळत्या धारेत) कयाक देतो" असे कुणी सांगत असेल, तर तो शौर्य विकत आहे, असे समजून पुढे जावे.

नवख्यांसाठी दुसऱ्या प्रकारची कयाक असते. तिला वर सपाट बैठक असते, ती रुंद असते आणि उलटली तरी माणूस तिच्यात अडकत नाही, नुसता पाण्यात पडतो. आम्ही दोघांनी बसायच्या अशा चार कयाक ठरवल्या आहेत. पट्टाही खालचा, संथ पाण्याचा निवडला आहे. कोलाडजवळ डोलवहाळला कुंडलिकेवर बंधारा आहे. भिऱ्याहून आलेले पाणी तिथे अडवून ते कालव्यांतून शेतीला दिले जाते. बंधाऱ्याने वरच्या बाजूला पाणी तुंबून ते पसरट आणि शांत होते. दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि मागे सह्याद्रीची भिंत उभी आहे. आधी एक तास काठाजवळ सराव आणि मग वरच्या बाजूने, हलक्या धारेच्या पाण्यावरून संथ पाण्याकडे यायचे, असा बेत ठरला आहे. बंधाऱ्याच्या किती अलीकडे थांबायचे, हे मार्गदर्शकाने आपणहून दाखवले. बंधारा वरून निरुपद्रवी दिसतो, पण त्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. रोह्याच्या दिशेने खाली गेले की धाटावची रासायनिक कारखानदारी आणि खाडीची भरती-ओहोटी, दोन्ही सुरू होतात, म्हणून तिकडे जायचा विचारही आम्ही केला नाही.

जोड्या कशा लावायच्या, यावर आमच्याकडे वादविवाद झाला. दोघांच्या कयाकमध्ये मागचा माणूस दिशा सांभाळतो आणि पुढचा लय ठरवतो. वजनाने जड माणूस मागे बसलेला बरा असतो. दोघांची वल्ही एका तालात पडली नाहीत, तर ती एकमेकांवर आपटतात आणि होडी गोल फिरू लागते. मार्गदर्शकाने भीत भीत सुचवले, "ताई, शक्यतो नवरा-बायको एकत्र नको. पहिल्या दहा मिनिटांत कुणाचं चुकतंय यावरच बोलणं सुरू होतं." माझ्या यजमानांनी हे फारच उत्साहाने मान्य केले, हे मी लक्षात ठेवले आहे. पुतण्या अकरा वर्षांचा आहे, तो मार्गदर्शकाच्या मदतनिसाबरोबर पुढच्या जागेवर बसेल. ज्यांना पोहता येत नाही त्या दोघांच्या जोडीला पोहणारा माणूस दिला आहे. पोहता येणे ही अट नसली, तरी कुणाला येते आणि कुणाला नाही हे आधी खरेखरे सांगणे ही अट असायलाच हवी. ज्या मार्गदर्शकाला आम्ही निवडले, त्याने दर सांगण्याआधी हाच प्रश्न विचारला होता. दमा, फिट येणे, खांद्याचे जुने दुखणे आणि गरोदरपण यांबद्दलही विचारले. निवड करायला मला एवढे पुरेसे होते.

निवडीच्या बाबतीत कागदही पाहावेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर कुणी रागावत असेल, तर त्याचा राग आपल्याला स्वस्तात पडला असे मानावे. मात्र कागदापेक्षा सामान जास्त बोलते. मार्गदर्शकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाइफ जॅकेटे दांडीवर उलटी टांगलेली होती. त्याने एक काढून माझ्या अंगात घातले, खालपासून वरपर्यंत एकेक बकल लावून पट्टे ओढले आणि मग खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांना धरून मला जवळजवळ उचललेच. जॅकेट कानांपर्यंत वर सरकले, तर ते सैल आहे, पाण्यात ते हनुवटीवर येईल आणि तोंड मात्र खाली राहील, असे तो म्हणाला. पुतण्याच्या मापाचे दुसरे जॅकेट शोधताना एकाच्या बकलचा दात तुटलेला निघाला. त्याने ते दांडीवर परत न टांगता कात्रीने त्याचा पट्टाच कापून टाकला आणि कोपऱ्यात फेकले. चुकून कुणी ते परत घालू नये म्हणून. त्या कात्रीच्या आवाजाने माझ्या सासूबाईंचा विरोध बराच मावळला, ज्या स्वतः काठावरच बसणार आहेत.

पाण्यात पडल्यावर काय करायचे, ते त्याने तिथेच सांगितले आणि ते मी सगळ्यांकडून पाठ करून घेतले आहे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागचे पाणी माणसाला पुढे पाडून दाबून धरते, आणि हे कमरेएवढ्या पाण्यातही घडू शकते. उताणे व्हायचे, पाय वाहत्या दिशेला आणि वर, बोटे पाण्याबाहेर दिसतील असे ठेवायचे, आणि हातांनी काठाकडे सरकायचे. वल्हे सोडायचे नाही. दोर फेकला तर दोर धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. पात्रात आडव्या पडलेल्या फांद्यांपासून दूर राहायचे, कारण पाणी फांद्यांतून गाळून जाते, माणूस जात नाही. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे फिरून स्थिर होते, तिथे विसावा घेता येतो, आणि मार्गदर्शक हाच विसावा गट एकत्र करायला वापरतो. या सगळ्यांत अवघड सूचना आमच्या यजमानांसाठी होती, ती म्हणजे मार्गदर्शक बोलत असताना आपण बोलायचे नाही.

जानेवारी आम्ही का निवडला, ते थोडक्यात सांगते. पावसाळ्यात कुंडलिकेला धरणाचे पाणी आणि घाटाचे पाणी दोन्ही मिळते आणि तेव्हाची नदी आमच्यासाठी नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी असते पण उन्हाचा चटका पाण्यावरून परतून दुप्पट लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी गारवा असतो, डोंगर अजून पूर्ण पिवळे पडलेले नसतात आणि काठावर पक्षी असतात. शनिवार-रविवार सोडून मधला वार घ्यावा असा माझा आग्रह होता, पण शाळा आणि नोकऱ्या यांच्यापुढे तो टिकला नाही. निदान सव्वीस जानेवारीला जोडून आलेली सुट्टी टाळली.

आता कुठे ठाण्याहून निघण्याची वेळ ठरते. कळव्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोली, पळस्पे फाटा, मग कर्नाळ्याच्या पायथ्यावरून पेण, वडखळ, नागोठणे आणि सुकेळी खिंड ओलांडून कोलाड, असा हा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले आणि वडखळला किती वेळ जाईल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सकाळच्या पाण्यासाठी मध्यरात्री उठून, डोळ्यांवर झोप असताना गाडी चालवणे आणि मग लगेच वल्हे हातात घेणे मला पटत नाही. दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडीची गाडी आहे, आणि रोह्याहून कोकण रेल्वे सुरू झाल्यावर कोलाड हे पहिलेच स्थानक लागते, म्हणून रेल्वेचा विचारही झाला. पण ती पोहोचेपर्यंत सकाळचे पाणी गाठण्याची वेळ टळते. म्हणून आदल्या दिवशी दुपारी निघून कोलाडला मुक्काम करायचा, असे ठरले.

मुक्काम म्हटला की पोपटी आली. जानेवारीत रायगडात वालाच्या शेंगा भरतात आणि मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा, कांदे, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी रचून, तोंड पाल्यानेच बंद करून, पेंढ्याच्या जाळात ते मडके उलटे भाजतात. मंडळींना ती पहिल्याच रात्री हवी होती. पोपटी म्हणजे शेकोटी, शेकोटी म्हणजे गप्पा, आणि गप्पा म्हणजे रात्रीचे दोन. पुरुष मंडळींच्या मनात आणखीही काही होते, ते मी इथे लिहीत नाही. मार्गदर्शकाचा नियम असा आहे की आदल्या रात्री मद्य घेतलेल्या माणसाला तो सकाळी पाण्यात नेत नाही, आणि तोंडाचा वास घ्यायला तो लाजत नाही. तेव्हा पोपटी दुसऱ्या दिवशी, कयाकिंग उरकल्यावर दुपारीच लावायची, असा ठराव झाला. आदल्या रात्री साधा वरण-भात-भाजी आणि सकाळी पोटाला जड होणार नाहीत एवढेच पोहे.

कपड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सॅंडल हव्यात. चष्म्याला दोरी हवी. माझ्या जावेचा चष्मा जाड काचांचा आहे आणि दोरी लावलेला चष्मा बँकेतल्या जुन्या हेडक्लार्कसारखा दिसतो, या कारणावरून तिने आठवडाभर नकार दिला होता, तो आता मिटला आहे. गाडीची किल्ली आणि फोन पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगेत आणि बॅग मार्गदर्शकाकडे राहील. मुलांच्या नाकाला आणि मानेमागे सनस्क्रीन लावणे कुणाचे काम आहे, ते नावानिशी ठरले आहे, कारण सगळ्यांचे असलेले काम कुणाचेच नसते.

इतर चौकशीही केली. मार्गदर्शक आणि त्याचे दोन मदतनीस असे तिघे आमच्याबरोबर पाण्यावर असतील, त्यांतला एक गटाच्या मागे राहील. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कुणी घेतले आहे आणि पेटी कुणाच्या कयाकमध्ये असते, हे विचारून घेतले. काठाने रस्ता कुठे कुठे नदीला भिडतो, म्हणजे मधेच कुणाला बाहेर काढायचे झाले तर गाडी कुठे येईल, तेही पाहिले. रोहा आणि माणगाव या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत. गाडी चालवणारा माणूस पाण्यात न उतरता काठाने पुढे येईल, ही व्यवस्था आम्ही मुद्दाम केली.

राहता राहिला पैशाचा विषय. दर सांगताना बहुतेक आयोजक फक्त पाण्यावरच्या तासांचा आकडा सांगतात. त्यात विमा, सामान, काठापर्यंतची ने-आण आणि जेवण धरले आहे का, ते वेगळे विचारावे लागते. आम्ही भाव केला नाही, पण पाणी आले नाही तर काय, हे लिहून घेतले. मार्गदर्शकाने स्वतः सहल रद्द केली, तर आगाऊ दिलेली रक्कम परत किंवा पुढची तारीख, आमची निवड. आमच्यापैकी कुणी ऐनवेळी गळाले, तर त्या माणसाचे पैसे जातील. पाणी कमी असले, तर धारेचा भाग वगळून फक्त बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात जायचे आणि दर त्या प्रमाणात कमी. सकाळी काठावर उभे राहून तो नको म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे कलम मात्र आम्हीच आमच्यासाठी घातले आणि आठहीजणांची त्यावर व्हॉट्सअॅपवर संमती घेतली. सातजणांनी लगेच अंगठा दिला. यजमानांचा अंगठा दुसऱ्या दिवशी आला, पण आला. पोपटीचे मडके आणि भांबुर्डा आणायची जबाबदारी त्यांनी त्याआधीच घेतली होती, आणि पाणी येवो न येवो, पोपटीचे कलम रद्द होणार नाही असे त्यांनी खाली लिहिले आहे.